बेनेलक्स डॉलरच्या पोटी जन्मलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बेनेलक्सवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बेनेलक्स, म्हणजे बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचा आर्थिक संघ, ही मार्शल योजनेच्या, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीच्या, डॉलरची करामत होती. तिन्ही देश मुळात एकाच रक्ताचे, त्यामुळे ते एकत्र आले यात विशेष काही नाही. आणि १ जानेवारी १९४८ला सुरू झालेला हा संघ पुढची कितीतरी वर्षं फक्त कागदावरच होता. तिसऱ्या मुद्द्यात बरंच तथ्य आहे. पहिले दोन मात्र मला मुळीच पटत नाहीत.

आधी तारखा बघू. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ही योजना मांडली ते हार्वर्डमधलं भाषण ५ जून १९४७चं. तिन्ही देशांच्या जकात संघाचा करार मात्र लंडनमध्ये ५ सप्टेंबर १९४४ला झाला, म्हणजे पावणेतीन वर्षं आधी. त्याच्याही आधी, २१ ऑक्टोबर १९४३ला, चलनांचा करार होऊन एका डच गिल्डरला साधारण साडेसोळा बेल्जियन फ्रँक हा दर ठरला होता. त्या वेळी तिन्ही देश जर्मनीच्या ताब्यात होते आणि त्यांची सरकारं लंडनमध्ये आश्रयाला होती. मायदेशातलं एक पोस्ट ऑफिससुद्धा ज्यांच्या हातात नव्हतं, ती माणसं युद्धानंतर एकमेकांच्या मालावर जकात घ्यायची नाही असं ठरवत होती. तेव्हा कुठला डॉलर त्यांना खुणावत होता?

तो ५ सप्टेंबरचा दिवस जरा जवळून बघा. ब्रसेल्स दोन दिवसांपूर्वी मुक्त झालं होतं आणि आदल्याच दिवशी अँटवर्पचं बंदर जवळजवळ धडधाकट अवस्थेत दोस्तांच्या हाती लागलं होतं. नेदरलँड्समध्ये त्या मंगळवारी अफवा पसरली की दोस्त सैन्य आलंच. लोक झेंडे आणि फुलं घेऊन रस्त्यावर उतरले. नाझींना सामील झालेले डच बायकामुलांसह स्टेशनांवर धावले आणि मिळेल त्या गाडीने जर्मनीकडे पळाले. डच लोक आजही त्या दिवसाला ‘वेडा मंगळवार’ म्हणतात, कारण अफवा खोटी निघाली. देशाचा पश्चिम भाग मुक्त व्हायला मे १९४५ उजाडला आणि मधल्या हिवाळ्यात उपासमारीने सुमारे २०,००० माणसं गेली. लंडनमध्ये डच सरकारच्या वतीने सही झाली ती या अशा दिवशी.

तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं मूळही इथेच आहे. युद्धातून बाहेर पडताना दोन मोठे भागीदार एका पातळीवर राहिले नव्हते. बेल्जियमकडे चालू बंदर होतं, आणि अर्थमंत्री कामिल ग्युत यांनी ऑक्टोबर १९४४मध्येच जुन्या नोटा काढून घेऊन चलनफुगवट्याला वेसण घातली होती. नेदरलँड्समध्ये शेतजमिनी पाण्याखाली होत्या, बंदरं उद्ध्वस्त होती आणि जवळपास सगळं रेशनवर होतं. कॉफीवरचं रेशन उठलं ते थेट १९५२मध्ये. म्हणून सुटकेनंतर लगेच सुरू करायचा जकात संघ १९४८पर्यंत रखडला. सुरू झाल्यावरही आयात शुल्क तेवढं गेलं. अबकारी कर दोन्हीकडे वेगळे, कोटे आणि परवाने होते तसेच, त्यामुळे मालाला सरहद्दीवर थांबावंच लागे. डच लोकांना बेल्जियन माल हवा होता, पण द्यायला फ्रँक नव्हते आणि बेल्जियमची उधारी काही अमर्याद नव्हती. उलट बेल्जियन शेतकऱ्यांना स्वस्त डच लोण्याची आणि भाजीची धास्ती. त्यांच्यासाठी १९४७मध्येच किमान किमतींची तरतूद करावी लागली. डच सरकार मजुरी दाबून ठेवतं, अशी बेल्जियन कारखानदारांची तक्रार वेगळीच. पूर्ण आर्थिक संघाचा करार ३ फेब्रुवारी १९५८ला हेगमध्ये झाला आणि १ नोव्हेंबर १९६०ला लागू झाला.

पण म्हणून याला ‘कागदावरचा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या बारा वर्षांत कोटे एकेक करून उठत गेले आणि आपसातला व्यापार झपाट्याने वाढला. त्या काळात मार्शल योजनेचे शंभर कोटींहून अधिक डॉलर नेदरलँड्सला मिळाले, हेही खरं. त्या पैशाशिवाय डच बाजू टिकली असती का, याची मलाही शंका आहे. संघ तगायला त्या पैशाची मदत झाली. त्याचा जन्म मात्र आधीच झाला होता.

आता ‘एकाच रक्ताचे’ हा मुद्दा. बेल्जियम १८३०मध्ये नेदरलँड्सशी लढून वेगळा झाला. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तहाच्या वेळी त्याने डच लिंबुर्ग आणि शेल्ड नदीच्या दक्षिणेचा डच प्रदेश मागितला होता. पुढे दोघांनी मोठ्या कष्टाने तडजोडीचा करार केला, तर अँटवर्पला जाणाऱ्या कालव्यामुळे रॉटरडॅमचं नुकसान होईल या भीतीपोटी डच वरिष्ठ सभागृहाने तो १९२७मध्ये फेटाळला आणि परराष्ट्रमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. लक्झेंबर्ग तर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जर्मन जकात संघात होता. १९१९च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी आर्थिक सोबतीसाठी फ्रान्सला कौल दिला, फ्रान्सने अंग काढून घेतलं, तेव्हा कुठे १९२१मध्ये बेल्जियमशी करार झाला. यात मला भाऊबंदकीच जास्त दिसते.

या तिघांना एकत्र आणलं ते १९३०च्या दशकाने. मंदी आल्यावर मोठ्या देशांनी आपापल्या बाजारांना कुंपणं घातली आणि निर्यातीवर जगणारे हे छोटे देश बाहेर राहिले. १९३२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानजवळच्या ऊशीला तिघांनी ठरवलं होतं की आपसातलं शुल्क दरवर्षी १० टक्क्यांनी, एकूण निम्म्यापर्यंत उतरवायचं. ब्रिटनने हरकत घेतली की ही सवलत आम्हालाही मिळाली पाहिजे, आणि योजना बारगळली. लंडनमध्ये बसलेल्या मंत्र्यांना हा अनुभव पुरता ठाऊक होता. पुन्हा एकदा मोठ्यांची परवानगी मागत बसायचं नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेने युरोपला एकत्र यायला ढकललंच नाही, असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर १९४९मध्ये मार्शल मदतीचे प्रमुख पॉल हॉफमन यांनी पॅरिसमध्ये युरोपीय सरकारांना एक मोठी सामाईक बाजारपेठ उभारा, असं बजावलं. त्याच सुमारास फ्रान्स, इटली आणि बेनेलक्स यांच्या संघाच्या वाटाघाटी चालू होत्या. आधी ‘फ्रिटालक्स’, मग ‘फिनेबेल’ असं त्याचं नाव. पश्चिम जर्मनीला घेतल्याशिवाय डच सरकार पुढे जायला तयार नव्हतं, कारण जर्मन बाजारावर त्यांची शेती आणि बंदरं अवलंबून होती. फ्रान्सला तेव्हा ते नको होतं. १९५०मध्ये तो बेत मोडला. लंडनमध्ये ठरलेला तिघांचा संघ मात्र चालत राहिला, इतका की सहा देशांची सामाईक बाजारपेठ उभारणाऱ्या १९५७च्या रोम करारात २३३वं कलम खास त्याच्यासाठी घालावं लागलं: त्या बाजारपेठेत राहूनही बेनेलक्सने आपला संघ पूर्ण करायला हरकत नाही.