बेल्टला चेन ल्यूब मारा म्हणून कोणी सांगितलं?

रविवारी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, बाइकचा आवाज गेला बघा, बेल्टला चेन ल्यूब मारलं, एकदम गप्प." मी म्हटलं, अरे कुठल्या बेल्टला? "मागच्या चाकाच्या. ग्रुपवर आलं होतं ना." (त्याच्या बाइकचं मागचं चाक चेनऐवजी दातांच्या बेल्टने फिरतं, आणि ल्यूब म्हणजे चेनला मारायचं वंगण.) लगेच तो मेसेज फॉरवर्ड. 'बेल्टवाल्या बाइकची 6 गुपितं, कंपनी कधीच सांगणार नाही.' हाच मेसेज आधी तिघांनी पाठवला होता, तेव्हा हसून सोडून दिला. आता घरातच आग लागलीय म्हटल्यावर लिहितो.

ल्यूबपासूनच सुरू करू, कारण बाकीच्या पाच गुपितांनी मिळून होणार नाही एवढं नुकसान हे एकटं करतं. चेनला ल्यूब लागतं कारण तिथे लोखंडावर लोखंड घासतं, पिन, बुश, रोलर. बेल्टमध्ये यातलं काहीच नाही. आत कार्बन नाहीतर अॅरामिडचे (केव्हलरसारखे मजबूत) धागे, त्यावर पॉलियुरेथेन किंवा रबर, आणि दातांवर नायलॉनचं कापड. हे कापड आणि पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते दातांचं चाक) कोरडे चालायलाच बनवलेत. चेन ल्यूब उडून जाऊ नये म्हणून मुद्दाम चिकट केलेलं असतं, म्हणजे रस्त्यावरची धूळ, बारीक वाळू सगळी त्याला चिकटणार आणि दात आणि पुलीच्या मध्ये पॉलिश पेपर तयार. आधी कापड जातं, मग पुलीवरचं कोटिंग, आणि एकदा पुली खडबडीत झाली की नवा बेल्ट टाकला तरी ती त्यालाही खाते. शिवाय जे उडतं ते मागच्या टायरवर जातं, त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. आवाज गेला म्हणून खूश होणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. बेल्ट चुरचुरतो तो बहुतेक वेळा धुळीने, नाहीतर तो पुलीच्या कडेला एका बाजूला घासत असतो म्हणून. पहिल्याला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, दुसऱ्याला चाक सरळ करणं. बस.

"बेल्ट जितका ताठ तितका पिकअप चांगला." हे दुसरं रत्न. मागचं चाक खालीवर होतं तसं दोन पुल्यांमधलं अंतर बदलतं, कारण स्विंगआर्म (मागचं चाक धरून खालीवर होणारा दांडा) जिथून फिरतो तो बिंदू आणि पुढची पुली एका जागी नसतात. स्टँडवर तारेसारखा ताणून ठेवला तर खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर तो आणखी ताणला जातो आणि तो सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. बुएल या अमेरिकन बाइक कंपनीने याच कारणासाठी मध्ये एक आयडलर पुली (बेल्टवर टेकून मोकळी फिरणारी जादा पुली) बसवली होती, ताण सारखा राहावा म्हणून. उगाच नव्हती बसवली. फार सैलही नको, जोरात थ्रॉटल दिलं की दात उडी मारतो. मोजायची पद्धत साधी आहे, इंजिन थंड, मधोमध साधारण साडेचार किलोचा जोर (मॅन्युअलमधले 10 पाउंड) लावायचा आणि बेल्ट किती सरकतो ते बघायचं. किती सरकायला हवा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. आणि चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधून तिथे मोजायचं, लोक नेमकं हेच विसरतात.

आता गंमत बघा. गुपित तिसरं म्हणतं बेल्ट लाइफटाइम असतो, हातही लावू नका. गुपित सहावं म्हणतं दर 20,000 किमीला बदला. लिहिणाऱ्याने स्वतःचाच मेसेज वाचलेला नाही! हा 20 हजारचा आकडा स्कूटरच्या बेल्टवरून उचललाय असं मला वाटतं. तो व्ही बेल्ट, दात पकडून चालत नाही, घर्षणावर चालतो, बंद डब्यात तापतो, झिजून अरुंद होतो. त्याचा आणि याचा संबंध फक्त नावापुरता. लाइफटाइमवाल्याला मात्र अर्धे मार्क देतो, नाइलाजाने. हार्लेने 1980 च्या स्टर्जिस मॉडेलवर बेल्ट आणला तेव्हापासून तो चेनपेक्षा जास्त टिकतो हे खरंच आहे, नीट ठेवलेले बेल्ट लाखभर किमी जातात. पण बीएमडब्ल्यूने एफ 800 एस आणि एसटी या बाइकला 40,000 किमीवर बदला असं शेड्यूलमध्येच दिलं होतं. म्हणजे उत्तर तुमच्या बाइकच्या मॅन्युअलमध्ये आहे, ग्रुपवर नाही. कंपनी लपवते म्हणे, अहो छापून देते ती!

मॅन्युअलवरून आठवलं. मेसेजमधलं आणखी एक गुपित, "एक धागा दिसला की बेल्ट संपला." हार्लेच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा चित्रांसकट तक्ता आहे आणि तो वाचला तर अर्धी भांडणं मिटतील. कडेला धागे पिंजलेले दिसले तर चालवा, लक्ष ठेवा. दाताच्या आतल्या बाजूला केसासारखी चीर, तेच. बाहेरची कड तिरकी घासलेली, तीही चालते. दात तुटला, दात हुकासारखा वाकडा झाला, बाहेरून दिसणारी चीर पडली, तर बदला. खडा अडकून भोक पडलं असेल तर ते कडेला आहे का बघा, कडेला असेल तर बदला. म्हणजे जे दिसायला भीतीदायक ते बऱ्याचदा चालतं, आणि मेसेजवाला नेमकं उलटं सांगतोय.

जुना बेल्ट गुंडाळून बॅगेत स्पेअर म्हणून ठेवा, हेही आहे त्या मेसेजमध्ये. बेल्टचे धागे ताण सोसायला जबरदस्त, पण घडी पडली की आतून तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यात बेल्ट अखंड असतो, चेनसारखी लिंक नाही, कित्येक बाइकला तो बसवायला स्विंगआर्म खोलावा लागतो. रस्त्याच्या कडेला करा बरं. बेल्ट तुटला की चाक जाम होतं म्हणणाऱ्याने चेनची गोष्ट ऐकलीय, बेल्ट तुटला की बहुतेक वेळा इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी हळूहळू थांबते.

मेहुण्याकडे जाऊन बेल्ट तीन वेळा धुतला. मग टेप लावून स्विंगआर्मच्या पिव्हटपासून (तो जिथून फिरतो तिथून) मागच्या चाकाच्या अॅक्सलपर्यंत दोन्ही बाजू मोजल्या तर चक्क 3 मिमीचा फरक. दोन आठवड्यांपूर्वी टायर बदललं होतं, चाक तेव्हाच वाकडं बसलं. सरळ केलं, आवाज गेला. ल्यूबचा डबा मी घेऊन आलोय, माझ्या चेनच्या बाइकला उपयोगी पडेल.