‘दोन चकरांचे पैसे घेतले आणि वर्षं सांगितली नाहीत’: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आपल्या साखर कारखान्यातल्या पाइपांचे सपोर्ट, म्हणजे पाइप पेलून धरणारे आधार, आम्ही तपासले. त्यावर एक स्टार देऊन आपण लिहिलंय की दोन चकरांचे पैसे घेतले, घट्ट बसलेले क्लॅम्प खोलायला लावले, रिपोर्ट उशिरा दिला आणि सपोर्ट अजून किती वर्षं चालतील याचं सरळ उत्तर नाही. कारखान्याचं नाव इथं घेत नाही, कामाचं तेवढं बोलतो.

रिपोर्ट उशिरा गेला हे खरं. १० दिवस म्हणालो होतो, २१ लागले. चूक आमची.

दोन चकरांचं मात्र पटत नाही. एक चक्कर गळीत चालू असताना, दुसरी ऑफ सीझनला, हे कोटेशनमध्येच होतं. स्टीम ३८० अंशांवर गेली की ४० मीटर सरळ पाइप साधारण १८० मिलिमीटर वाढतो, वीतभराला जरा कमी. आडवं सरकणं शू, म्हणजे पाइपाखालचे सरकते पाय, सांभाळतात; वर-खाली होणं स्प्रिंग हँगर, म्हणजे पाइप रॉडनं टांगून धरणाऱ्या स्प्रिंगा. हँगरच्या पट्टीवरचा काटा गरम लाइनीत कुठं आणि थंड लाइनीत कुठं, हे दोन्ही बघितल्याशिवाय हँगर काम करतोय का ते कळत नाही. तुमचा १४ नंबरचा हँगर आठवतोय ना? दोन्ही वेळा काटा कोल्डच्या खुणेवरच. टॉर्च मारली, तर उभारणीच्या वेळी स्प्रिंग अडवून ठेवणारी लॉक पिन तशीच आत आणि तिच्यावर रंगाचे थर. रंगारी दरवेळी तिथवर पोचला, पिन कुणी काढली नाही! गरम झाल्यावर तिथं पाइप वर उचलतो, १४चा रॉड सैल पडतो आणि भार शेजाऱ्यांवर. १५चा काटा पट्टीच्या टोकाला टेकलाय तो त्यामुळंच.

खोललेले क्लॅम्प पाण्याच्या ६ इंची लाइनीचे. बाहेरून रंग झकास होता. पण पाइप आणि सपोर्टच्या फटीत पाणी मुरतं, वाळत नाही आणि गंज तिथंच खातो. एका जागी छापील ७.१ मिलिमीटरची जाडी ४.३ मिलिमीटर भरली. जाडी मोजायचं गेज लावताना तुमचे फोरमन शेजारीच होते.

आता वर्षांचं. उरलेली जाडी वजा लागणारी किमान जाडी, भागिले दरवर्षीची झीज, हिशोब एवढाच. पण झीज काढायला दोन वेळची मापं लागतात आणि तुमच्याकडं जुनं एकही नाही. नवा पाइपसुद्धा छापील जाडीपेक्षा १२.५ टक्क्यांपर्यंत कमी चालतो, मग ७.१वरून मागं मोजणार कसं? ‘२० वर्षं बिनधास्त’ असा कागद देणारे भेटतात. आमच्याकडं तो मिळत नाही.

उशिराबद्दल पुढच्या ऑफ सीझनला त्याच जागांची मापं आम्ही पुन्हा घेऊ, बिल लावणार नाही. तोवर १४ची पिन हातोड्यानं ठोकून काढू नका. आधी भार जुळवून ती मोकळी करावी लागते, नाहीतर स्प्रिंग झटक्यानं सुटेल. बॉयलर पेटवायच्या आधी फोन करा, माणूस पाठवतो.