संन्यासी सीलचं दर्शन कसं घ्यावं

हवाईची तिकिटं काढली ना? सॅन होजेच्या मावसभावाने 'अरे इथनं विमानाने पाच-साडेपाच तास, या की' असं म्हणून म्हणून शेवटी तुम्हाला तयार केलंच असणार. जा, नक्की जा, ज्वालामुखी बघा, अननस खा, गळ्यात फुलांचा हार घालून फोटो काढा, पण बीचवर सील दिसला तर त्याला उठवल्याशिवाय परत यायचं नाही.

पहिल्यांदा बघाल तर वाटेल कोणीतरी ओलं गोणपाट टाकून गेलंय. दोन-सव्वादोन मीटर लांब, दोनशे किलोच्या आसपास वजन, हलत नाही, बोलत नाही, अंगावर माश्या, आणि कधी कधी पाठीवर चक्क हिरवं शेवाळ. आपला पहिला निष्कर्ष काय, तर मेला. दुसरा निष्कर्ष, मरतोय. आणि आपण लहानपणापासून याला 'सील मासा' म्हणत आलोय, म्हणजे मासा पाण्याबाहेर पडलाय, म्हणजे याला ताबडतोब पाण्यात ढकलायला हवं. बायकोला व्हिडिओ काढायला सांगा, पोराला शेपटीकडे उभं करा आणि लागा कामाला. तो खोल पाण्यात, प्रसंगी पाचशे मीटरपर्यंत, बुड्या मारून दमून झोपायला आलाय असं कोणी सांगितलं तर लक्ष देऊ नका, झोप काय आपणही ऑफिसात काढतोच. वर्षातून एकदा याचे केस वरच्या कातडीसकट निघतात, ते शेवाळही तेव्हाच जातं, आणि त्या वेळी हा आठ-दहा दिवस किनाऱ्यावरच पडून असतो. म्हणजे नेमका तेव्हा सगळ्यात आजारी दिसतो. मदत करायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

नावच बघा ना, मॉन्क सील, म्हणजे संन्यासी. मानेला वळ्या पडतात त्या संन्याशाच्या टोपीसारख्या दिसतात आणि राहतो एकटा, म्हणून हे नाव. आता संन्यासी एकांतात बसलाय म्हटल्यावर आपण त्याला बसू देणार का? आपल्याकडे डोंगरावर एखादे बाबा मौन धरून बसले की पुढच्या गुरुवारी खाली नारळाचं दुकान आणि पार्किंग. तिथेही स्वयंसेवक लोक सीलभोवती दोरी बांधतात, पाट्या लावतात, ती दर्शनबारी समजायची. सांगतात की 15 मीटर लांब राहा, आई आणि पिल्लू असेल तर 45 मीटर. एवढ्या लांबून दर्शन होतं होय? पायाला हात लावल्याशिवाय आपल्याला पोचल्यासारखं वाटत नाही. 2021 मध्ये हनिमूनला आलेल्या एका जोडप्यातल्या बाईने हात लावलाच, टिकटॉकवर टाकलं, पाचशे डॉलरचा दंड भरला. पाचशे म्हणजे काय, आपल्याकडे व्हीआयपी दर्शनाला कमी जातात का. कायद्यात पाच वर्षं कैद आणि पन्नास हजार डॉलरपर्यंत दंड लिहिलाय, पण तो म्हणे मुद्दाम त्रास देणाऱ्या नाहीतर मारणाऱ्यांसाठी. 2009 साली कावाई बेटावर एकाने गाभण मादीला गोळी घातली, त्याला नव्वद दिवसांची कैद झाली, त्यानंतर 2010 मध्ये राज्याने कायदा कडक केला. आपण काय मारत नाही बुवा, फक्त लाड करतो.

आई-पिल्लू दिसलं तर मात्र संधी सोडू नका. ही बाई पाच ते सात आठवडे पोराला दूध पाजते आणि तेवढे दिवस स्वतः काही खात नाही, चातुर्मास परवडला, नंतर हाडं दिसायला लागली की समुद्रात निघून जाते ती जातेच, पोरगं आपलं आपण शिकतं. 2017 मध्ये रॉकी नावाच्या मादीने थेट वायकिकीत, हॉटेलांच्या गर्दीत पिल्लू घातलं. म्हणजे बघा, तिलाच लोकांची हौस, असं म्हणायला आपण मोकळे! 2022 मध्ये ती परत तिथेच बाळंत झाली आणि तिथे पोहणाऱ्या एका बाईंना तिच्याकडून जखमा झाल्या. तेव्हा पोहायला जाताना आपण तिच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरतोय का असले प्रश्न डोक्यात आणू नका, समुद्र सगळ्यांचा आहे.

हॉटेलात कोणी फारच प्रेमाने सीलबद्दल बोलायला लागलं तर एक हुकमी वाक्य देऊन ठेवतो, 'हे इथले नाहीतच मुळी, सरकारने आणून सोडलेत.' तिथले काही मच्छीमार असंच म्हणतात, आणि म्हणायला आधार पण आहे. 1994 मध्ये लेसान नावाच्या दूरच्या बेटावर नर फार झाले, माद्यांवर झुंडीने तुटून पडायला लागले, म्हणून 21 सील उचलून मोठ्या बेटांकडे आणले. फक्त ते 21 च्या 21 नर होते. म्हणजे नुसतं नवरदेवाकडचं वऱ्हाड आलं, नवरीकडचं कोणीच नाही, आणि तरीही म्हणे यांच्यामुळे वंश वाढला. हे कोणी तुम्हाला विचारलं तर विषय बदला. हवाईच्या भाषेत याला 'इलिओ होलो इ का उआउआ' म्हणतात, म्हणजे खवळलेल्या पाण्यात धावणारा कुत्रा, आता परक्याला लोक एवढं घरगुती नाव का ठेवतील हाही विचार करू नका.

आणि मांजरांना खायला घाला. ही बेटं समुद्रात इतकी एकटी की माणूस यायच्या आधी जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ, मांजरं आली गोऱ्यांच्या जहाजांतून. आता रानोमाळ झालीत. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाहेर पडतात, पाऊस आला की ओढ्यातून समुद्रात, समुद्रातून सीलच्या पोटात, आणि कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, त्यात मरणाऱ्यांत माद्या जास्त. मांजर आडवं जाणं आपण आयुष्यभर ऐकलंय पण इतकं लांबून, न भेटता आडवं गेलेलं मांजर मी तरी दुसरं बघितलं नाही. तुम्ही मात्र पुण्य सोडू नका, डबा घेऊन जा.

एकूण सील आहेत साधारण सोळाशे. बऱ्यापैकी लग्नात याहून जास्त पानं उठतात. त्यातले चारेकशे या मोठ्या बेटांवर, बाकीचे वायव्येकडच्या छोट्या बेटांवर, तो सगळा भाग 2006 पासून राखीव, नाव पापाहानाउमोकुआकेआ, एका दमात म्हणून दाखवलंत तर माझ्याकडून मिसळ. तिथे परवानगीशिवाय कोणाला जाता येत नाही, वाईट वाटून घेऊ नका, आपलं सामान जातं ना. तुटकी मासेमारीची जाळी प्रशांत महासागरभर फिरून तिथल्या खडकांना येऊन अडकतात आणि सीलची पिल्लं त्यात डोकं घालतात, पोरंच ती. आणि 2018 च्या ऑक्टोबरात वालाका वादळ आलं आणि ईस्ट आयलंड नावाचं अख्खं बेट, जिथे सील पिल्लं घालायचे, जवळपास वाहून गेलं. त्यासाठी तुम्हाला रजासुद्धा टाकावी लागली नाही.

घाई मात्र करायची नाही. या घराण्यातली कॅरिबियन शाखा बघा. 1494 मध्ये कोलंबसच्या माणसांनी पहिल्याच भेटीत आठ मारले, मग तेलासाठी चारेकशे-साडेचारशे वर्षं नेटाने काम केलं, शेवटचा खात्रीने दिसला 1952 मध्ये, आणि नामशेष झाल्याचं अधिकृत पत्र निघालं 2008 मध्ये. छप्पन वर्षं फाइल चालू होती, आपल्या तलाठ्याला उगाच नावं ठेवतो आपण.

हवाईत मात्र काही लोक कामात खोडा घालतात. तोंडातले गळ काढतात, जाळी कापतात, उपाशी पिल्लांना कोनाजवळच्या दवाखान्यात नेऊन मासे खाऊ घालून परत सोडतात, जंगली सीलना लस टोचतात. आज जे सील जिवंत आहेत त्यातले तीसेक टक्के असल्या उचापतींमुळे जिवंत आहेत, स्वतः वाचलेले किंवा वाचवलेल्या आयांची पोरं. त्यामुळे गेली काही वर्षं आकडा हळूहळू वर चाललाय. एवढं सगळं करून हे लोक स्वतः सीलपासून लांबच थांबतात, फोटोत पण येत नाहीत, कसली हौस म्हणायची.

जाता जाता, नाकात वाम गेलेल्या सीलचा फोटो पाहिला नसेल तर शोधा. 2018 मध्ये गाजला होता. वाम म्हणजे ईल हो, कोकणात वाम म्हणतात. सीलच्या एका नाकपुडीतून ही लांबलचक बाहेर लोंबतेय. असे मोजके सील सापडले, शास्त्रज्ञांनी हलक्या हाताने ओढून काढली, सील ठणठणीत, वाम मेलेली. खडकाच्या कपारीत नाक खुपसताना शिरली की उलटीतून वर आली यावर वाद आहे. पण त्या फोटोतला त्याचा चेहरा बघा, डोळे अर्धे मिटलेले, तक्रार नाही, काही नाही, पाहुणा कधी उठतोय याची वाट बघत बसलेल्या यजमानासारखा.