खुलासा: के१००आरएस 'बॉक्सर' नाही

'बीएमडब्ल्यूची जुनी के१००आरएस म्हणजे चार सिलिंडरची बॉक्सर' असा मेसेज या मोटरसायकलबद्दल पुन्हा फिरतोय. साफ चूक. बॉक्सर इंजिनमध्ये सिलिंडर क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन्ही बाजूंना असतात. १९८३ साली आलेल्या या गाडीत एका रांगेतलं ९८७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन चक्क आडवं निजवलंय: हेड (सिलिंडरच्या तोंडावरचं झाकण) डावीकडे, क्रँकशाफ्ट उजवीकडे. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असल्याने मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट ड्राइव्ह (फिरता दांडा) देणं सोपं गेलं.

गाडी रात्रभर साइड स्टँडवर डावीकडे कललेली राहिली, की ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी स्टार्टर मारताच सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. नवा मालक उगाच घाबरतो! चार सिलिंडरची खरी बॉक्सर हवी असेल, तर होंडाची पहिली गोल्ड विंग बघा.