मावशी, अजून शंभर चॅप्टर वाच

जूनमध्ये माझा भाचा सांगलीहून आला. ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप, राहायला डोंबिवलीत आमच्याकडे. ताईने त्याच्याबरोबर दोन किलो भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि "पुस्तकं आहेत गं त्याची, पावसात भिजू देऊ नकोस" असं म्हणून एक पोतं दिलं. पोतं म्हणजे खरंच पोतं, साखरेचं. मला वाटलं पोरगं अभ्यासू निघालं. उघडलं तर आत सगळी काळ्यापांढऱ्या चित्रांची जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगा, एकेक चारशे-पाचशे रुपयांचं, आणि ताईला हे माहीत नाही हे मला त्याच्या तोंडावरूनच कळलं.

आता घरात पुस्तक पडलेलं असलं की मी वाचते, मग ते वॉशिंग मशिनचं माहितीपत्रक का असेना. ही पुस्तकं मागून पुढे वाचायची, उजवीकडून डावीकडे, त्याचं मला काही विशेष वाटलं नाही कारण दिवाळी अंक मी वर्षानुवर्षं मागूनच उघडते, राशिभविष्य शेवटी असतं ना. तर वाचायला काही अडचण आली नाही. भोग सुरू झाले ते "कशी वाटली मावशी?" या प्रश्नापासून.

कारण मी खरं सांगितलं. वन पीस नावाच्या समुद्री चाच्यांच्या गोष्टीची तीन पुस्तकं वाचून म्हणलं, बरी आहे रे पण जरा लांबण लावलंय, आणि तो रबराचा मुलगा, लुफी, सारखा ओरडतो कशाला. भाचा एकदम शांत झाला. मग अगदी समजुतीच्या सुरात, जसं आपण सासूबाईंना ओटीपी म्हणजे काय ते समजावतो तसं, म्हणाला, "मावशी, तू आर्लाँग पार्कपर्यंत वाच, मग बोलू." म्हणलं कधी येतं हे पार्क? तर म्हणे आठव्या पुस्तकानंतर. आठ पुस्तकं! आठ पुस्तकं वाचून मग चांगली होणार असेल तर आधीच्या सातांचं काय, ते काय डिपॉझिट आहे?

पण वाचली. नवव्या पुस्तकात ती त्याच्या टोळीतली नामी स्वतःच्याच दंडावरच्या गोंदणावर सुरा मारत सुटते आणि शेवटी त्या रबराच्या मुलाला म्हणते मला मदत कर, आणि तो काही न बोलता त्याची ती जीव की प्राण असलेली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, तिथे मी ओट्यापाशी उभी राहून रडले. कुकरच्या सहा शिट्या झाल्या, डाळीचं पिठलं झालं. भाच्याला सांगितलं, मान्य, चांगली आहे. तर तो म्हणतो, "हे तर काहीच नाही, आता अलाबास्तापर्यंत वाच, मग एनीज लॉबी, मग मरीनफोर्ड..." म्हणजे आमच्या कल्याणच्या रिक्षावाल्यासारखं, थोडं पुढे, थोडं पुढे करत नेऊन सोडणार कुठे ते देव जाणे.

ही गोष्ट जुलै १९९७ मध्ये सुरू झाली. तेव्हा मी बी.कॉम. होऊन पहिली नोकरी शोधत होते, आता रिटायरमेंटचा फॉर्म दिसायला लागलाय आणि ती चालूच आहे, शंभराच्या वर पुस्तकं, अकराशेच्या वर चॅप्टर. लिहिणारे ओडा, त्यांनी म्हणे सुरुवातीला पाच वर्षांत संपवायचं ठरवलं होतं. हे ऐकून मला तो माणूस एकदम जवळचा वाटला कारण आमच्या किचनचं काम पण दहा दिवसांचंच होतं. एक मात्र मी भाच्याला स्पष्ट सांगितलं, त्याने पुढचं एक पुस्तक दाखवलं त्यात नामीची कंबर मनगटाएवढी झालीये, सगळ्याच बायका तशा, एका साच्यातून काढलेल्या गणपतीसारख्या. एवढ्याशा कमरेत त्या आतडी ठेवतात कुठे? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाला, "ते सोड गं, स्टोरी बघ."

रविवारी त्याची चौकडी यायला लागली तशी माझी परीक्षा वाढली. एक जाड चष्म्याचा कल्याणचा मुलगा, एक ताडमाड उंच, आणि आमच्या शेजारची, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची, जी आधी माझ्याकडे फक्त विरजण मागायला यायची. पोहे खायला बसले की सुरू. उंच्या नारुटोवाला. त्याला मी म्हणलं, ७०० चॅप्टर आहेत ठीक आहे, पण समोरचा मुक्का मारायला हात उचलतो आणि मध्येच त्याचं बालपण सुरू होतं, ते संपतं तर ज्याला मुक्का बसणार त्याचं बालपण, एवढ्या वेळात माणूस उठून घरी जाईल. तो दुखावला, पण बशीत परत पोहे घेतले. ब्लीचबद्दल कोणी फारसं भांडलं नाही. मी एक पुस्तक बँकेच्या रांगेत नंबर यायच्या आत संपवलं, निम्म्या पानांवर मागे काहीच नाही, नुसता पांढरा कागद आणि एक देखणा मुलगा तलवार घेऊन उभा, असं म्हणलं तर चष्मेवाला म्हणाला "काकू ते स्टाइल आहे." असेल बाबा.

आणि फुलमेटल अल्केमिस्ट! ती मला सगळ्यात आवडली. २७ पुस्तकं, २००१ ला सुरू, २०१० ला खलास, सुरुवातीला जे धागे सोडलेत ते शेवटी सगळे बरोबर विणून आणलेत. लिहिणारी बाई, हिरोमु अराकावा, होक्काइडोतल्या दूधवाल्या शेतकऱ्याघरची, स्वतःचं चित्र काढते ते चष्मा लावलेल्या गाईचं. मधे बाळंतपण झालं तरी मासिकातला खंड पडू दिला नाही म्हणे, आणि इथे आमच्या ऑफिसात एकजण दाढ काढली म्हणून आठवडाभर घरी. मी मोठ्या उत्साहाने हे सांगायला गेले तर चौघंही "हो, भारी आहे" म्हणून गप्प. पुढे काही नाहीच! मला कळेना. मग शेजारची म्हणाली, "काकू, ती सगळ्यांनाच आवडते, तिच्यावर काय बोलणार?" म्हणजे गुणी सुनेसारखं, घरातली सगळी चर्चा त्या दुसरीचीच.

त्या दुसरीचं नाव अटॅक ऑन टायटन. २०२१ मध्ये ती संपली आणि चष्मेवाला व उंच्या त्या शेवटावरून तीन महिने बोलत नव्हते, एकाच लोकलच्या एकाच डब्यातून जाऊन. अजूनही विषय निघाला की मी पोह्यांची कढई आत नेते. चष्मेवाल्याचं म्हणणं, पहिल्या पानापासून सगळं तिकडेच चाललं होतं, तुम्ही नीट वाचलं नाही. उंच्या म्हणतो, ३४ पुस्तकं एवढी जबरदस्त रहस्यं बांधली आणि शेवटच्या चॅप्टरमध्ये परीक्षेचे दहा मिनिटं उरल्यासारखं भराभर उरकलं. मी दोघांनाही "तुझं बरोबर आहे" म्हणते. तीस वर्षं संसार झाला की हे आपोआप येतं.

भाच्याने मला एक गोष्ट सांगितली ती फार आवडली. तिकडे जपानात ते शोनेन जंप नावाचं मांगाचं साप्ताहिक आहे, १९६८ पासूनचं, नव्वदच्या दशकात ते आठवड्याला ६५ लाखांपर्यंत छापायचे. त्यात वाचकांसाठी एक पोस्टकार्ड असायचं, या अंकात आवडलेल्या तीन गोष्टी लिहा. ज्या मालिकेला मतं पडत नाहीत ती पाच-सहा महिन्यांत बंद, लेखक बिचारा हिरोला डोंगरावर उभा करून "आपली खरी लढाई आता सुरू होते" असं म्हणायला लावतो आणि सामान आवरतो. मी विचार केला, आमच्या डायनिंग टेबलवर असं पोस्टकार्ड असतं तर दुधी दुसऱ्या आठवड्यात बंद पडला असता, आणि मी पण "खरा स्वयंपाक आता सुरू होतो" म्हणून गॅस बंद करून निघाले असते.

हंटर बाय हंटरवरून मात्र मी पोरांना चांगलं झापलं. ते तोगाशी नावाचे लेखक सारखे सुट्टीवर, २०१८ च्या शेवटी थांबले ते थेट २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उगवले. तर ही पोरं त्यांना आळशी काय म्हणतात, कामचोर काय म्हणतात, जोक काय करतात. अरे त्यांची पाठ दुखते! दोन वर्षं खुर्चीत बसून चित्रं काढता येत नव्हती त्यांना, त्यांनी स्वतः लिहिलंय. माझा मणक्याचा एल-फोर एल-फाइव्ह सरकलाय, मला विचारा, मोरी घासताना काय होतं ते. आठवड्याला एकोणीस-वीस पानं काढायची म्हणजे काय खाऊ आहे का. आता अलीकडच्या त्या जहाजावरच्या भागात चित्रं कमी आणि मजकूर इतका की सोसायटीच्या एजीएमचे मिनिट्स वाचल्यासारखं वाटतं, हे मी कबूल करते, पण पाठीवरून बोलायचं नाही. माझ्या घरात तरी नाही.

बर्सर्क भाच्याने पोत्यातून आधीच काढून गादीखाली ठेवलं होतं. गादीखालचं मला सापडणार नाही असं बावीस वर्षांच्या मुलांना का वाटतं कोण जाणे. त्यात जे चालतं ते मी इथे लिहिणार नाही, दोन ठिकाणी मी पुस्तक बंद करून देवासमोर दिवा लावून आले. पण चित्रं! चिलखताची एकेक कडी, झाडाच्या सालीची एकेक भेग, मी चष्मा वर करून पानाला नाक लावून बघत बसले. ते काढणारे मिउरा २०२१ मध्ये गेले, ५४ वर्षांचे. गोष्ट अर्धीच राहिली. शेवट त्यांच्या एका जुन्या मित्राला सांगून ठेवला होता, आता तो मित्र आणि त्यांच्या हाताखालची माणसं मिळून पुढे काढतायत. तेव्हा पोरांमध्ये "आता पहिल्यासारखं नाही" असं सुरू झालं की मी काही बोलत नाही, आत जाऊन चहा टाकते.

आमचे हे या सगळ्यापासून लांब होते. पण स्लॅम डंक बास्केटबॉलचं आहे म्हणून हातात घेतलं आणि गेले कामातून. शेवटची मॅच सहा पुस्तकं चालते. चाळीस मिनिटांची मॅच, सहा पुस्तकं! आधी "टेस्ट मॅच आहे का ही" म्हणून हसले आणि रात्री दीड वाजता संडासात दिवा लावून शेवटचं पुस्तक वाचताना सापडले. शेवटच्या काही सेकंदांत कोणी एक शब्द बोलत नाही, नुसती पानं उलटायची. बाहेर आले आणि मला म्हणाले, "पाणी दे."

आता माझ्या पापाबद्दल. डेथ नोट, १२ पुस्तकं, मी चार रात्रीत संपवली. पुढच्या रविवारी शेजारची लवकर आली, मी थालीपीठ लावत होते, ती ओट्याला टेकून म्हणाली, काकू तो गुप्तहेर एल कसला भारी आहे ना, तो कसा पाय वर घेऊन बसतो आणि सारखं गोड खातो. आणि मी, तव्यावर झाकण ठेवता ठेवता, अगदी सहज, "हो गं, पण तो गेल्यावर सगळी मजाच गेली."

मागून आवाज नाही.

"कोण गेला?"

वळून बघितलं तर तिच्या हातात सहावं पुस्तक, मध्ये बोट घालून धरलेलं. एल जातो सातव्यात.

"कुठे गेला काकू?"

मी म्हणलं, "गावाला गेला गं. थोडे दिवस."

तिने पुस्तक ओट्यावर ठेवलं, लोण्याचा गोळा घातलेलं थालीपीठ तसंच टाकलं आणि चप्पल घालून गेली. तीन आठवडे आली नाही. विरजणसुद्धा तिसऱ्या मजल्यावरून नेलं. लिफ्टमध्ये तिची आई भेटली, हळूच म्हणाली, "अहो काय झालंय तुमच्यात? कोणीतरी वारलं म्हणून रडत होती, तुमच्याकडचं कोणी का?" मी काय सांगणार, एका जपानी मुलाला मीच मारला.

भाच्याने घरात नियम केला की मावशीने मत देण्याआधी समोरच्याचा पुस्तक नंबर विचारायचा. आता मी विचारते. भाजीवाल्याला पण परवा विचारणार होते.

मागच्या रविवारी ती आली. बोलली नाही, पण आली आणि पोह्यावर खोबरं मागितलं. मला हायसं वाटलं, म्हणलं आता काही वावगं बोलायचंच नाही, स्वतःपुरतं बोलू. म्हणून मी आपलं सांगितलं की वन पीसचं एकोणिसावं चालू आहे आणि मला सगळ्यात आवडला तो त्या रबराच्या मुलाचा मोठा भाऊ, एस. काय वळण आहे पोराला! वाकून नमस्कार करतो, भावाच्या मित्रांना "माझा भाऊ तुम्हाला त्रास देईल, जरा सांभाळून घ्या" म्हणतो, आणि जेवता जेवता ताटातच झोपतो, अगदी आमच्या दादासारखा. मी म्हणलं, हाच आता शेवटपर्यंत बरोबर राहायला पाहिजे, म्हणजे त्या लुफीला कोणीतरी आहे.

चौघांचे घास हातात राहिले. उंच्या खिडकीबाहेर बघायला लागला. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, तो पोह्याने काही खराब झाला नव्हता. भाचा म्हणाला, "वाच मावशी, वाच तू," आणि पाणी आणायला गेला, तांब्या समोर असताना.

आणि शेजारची, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून इतकं गोड हसली.

"वाचा ना काकू," म्हणाली, "मी काही सांगणार नाही."