जुनी काडतुसं ‘मेलेली’ नसतात

पुण्यात सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. काडतुसातली स्मोकलेस पावडर म्हणजे फटाक्याचीच दारू पण जास्त कडक, तिच्यात नायट्रोग्लिसरीन असतं म्हणून धक्का लागला की उडते, पेटली की एकदम स्फोटच, आणि वीस-तीस वर्षं जुनी झाली की मेलेली, बिनधास्त हाताळा. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून ज्या शहरात आहे तिथे तरी हे असं पुढे ढकलू नका हो.

फटाक्याची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन कण होऊन उरतो, धूर होतो तो त्याचाच. स्मोकलेसचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून बनवलेला पदार्थ, फ्रान्समध्ये 1884 साली पॉल व्हिएयने ते वापरून पहिली चालण्याजोगी पावडर केली, आणि ती जवळजवळ सगळी वायूच होते. ठिणगीला तर काळी दारूच जास्त नाजूक.

नायट्रोग्लिसरीनचं म्हणाल तर सिंगल बेसमध्ये, म्हणजे नुसत्या नायट्रोसेल्युलोजच्या पावडरीत, ते नसतंच. डबल बेसमध्ये, म्हणजे दोन्ही असलेल्या पावडरीत, असतं, पण नायट्रोसेल्युलोजमध्ये मुरून त्याचं जेल झालेलं असतं, त्यामुळे नुसत्या पातळ नायट्रोग्लिसरीनसारखं ते धक्क्याला उडत नाही. ते वाढवलं की ऊर्जा आणि उष्णता वाढते. ब्रिटिशांच्या कॉर्डाइट नावाच्या डबल बेस पावडरीच्या पहिल्या प्रकारात ते 58 टक्के होतं, तोफा-बंदुकांच्या नळ्या आतून झिजायला लागल्या म्हणून पुढच्या एमडी प्रकारात ते 30 टक्क्यांवर आणलं.

‘पेटली की स्फोटच’ हेही सरसकट खरं नाही. पावडरीचा दाणा बाहेरून आत थराथराने जळतो, म्हणून नुसत्या रसायनाइतकाच त्याचा आकार महत्त्वाचा. तोफेच्या दाण्याला सात भोकं ठेवतात, कारण बाहेरची बाजू जळून कमी होते तसा भोकांच्या आतला पृष्ठभाग वाढत जातो आणि वायू तयार व्हायचा वेग पडत नाही. पण बंद जागेत दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की दाब आणखी वाढतो, आणि मग खरंच स्फोट होतो.

आता ‘जुनी म्हणजे मेलेली’, हे तर जीवावर बेतणारं आहे. नायट्रोसेल्युलोज पडल्यापडल्या हळूहळू विघटित होत असतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि तेच पुढचं विघटन वाढवतात. ते शोषून घ्यायला डायफिनाइलअमाइनसारखं स्टॅबिलायझर घालतात. उष्णतेत, दमटपणात ते लवकर संपतं, आणि संपलं की मोठा साठा आतल्या आत तापून स्वतःहून पेटू शकतो. 25 सप्टेंबर 1911 ला तुलों बंदरात फ्रेंच युद्धनौका ‘लिबर्ते’ अशाच बिघडलेल्या पावडरीने उडाली, दोनशेहून जास्त माणसं गेली.

त्यामुळे जुन्या वाड्यातल्या ट्रंकेत आजोबांची काडतुसं निघाली, किंवा पावडरीच्या डब्याला उग्र आंबूस वास, तांबूस वाफ, आतून गंज दिसला, तर उघडून बघू नका, कचऱ्यात किंवा भंगारात देऊ नका, जाळू तर अजिबात नका. पोरांना लांब ठेवा, आहे तिथेच राहू द्या आणि 112 ला फोन करा.