नागपूरच्या उन्हात कूलंट ‘उडतं’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

सध्या सोसायटीच्या, ऑफिसच्या, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. त्यात म्हटलंय की नागपूरच्या ४५-४६ डिग्रीत गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, आपोआप उडतंच, गाडीखाली डाग नसेल तर लीकेज नाही, डाग असला तर ते एसीचं पाणी, पातळी कमी झाली की नळाचं पाणी टाका, तरी थांबत नसेल तर रेडिएटरमध्ये हळद नाहीतर लीक बंद करायची बाटली ओता, आणि गाडी तापलीच तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, तोंडावर आलाय आणि लोक हे खरंच करून राहिले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“उन्हात कूलंट उडतं.” नाही उडत. इंजिन गरम झाल्यावर कूलंट तसंही ९० डिग्रीच्या आसपास असतं, गाडी महाबळेश्वरला असो की सीताबर्डीत. बाहेर ४६ असलं की रेडिएटरला उष्णता बाहेर टाकायला जड जातं, पंखा जास्त वेळ फिरतो, पण सिस्टीम तर सीलबंद असते ना. कूलंटच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा लिहिलेला असतो, तो दाबाचा, बारमध्ये. १ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलेलं त्याच्याही वर. ज्या गाड्यांत बाजूची कूलंटची बाटली दाबाखाली नसते तिथे बऱ्याच महिन्यांत थोडंसं कमी होतं, तेवढं मान्य. पण पंधरा दिवसांत पातळी बाटलीवरच्या ‘मिन’च्या खुणेखाली जात असेल तर ते कुठून तरी बाहेर चाललंय, दुसरं काही नाही. आणि पातळी नेहमी सकाळी, थंड इंजिनवरच बघायची, गरम असताना ती वर चढलेली दिसते.

“डाग नाही म्हणजे लीकेज नाही.” मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो, कारण याच्यामुळेच लोक महिनोन् महिने नुसतं भरत राहतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या डिझेल गाडीखालची फरशी कायम कोरडी, पण बाटली रिकामी होत राहायची. शेवटी खालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर त्यात गुलाबी पाणी साचलेलं, आणि वर टॉर्च मारला तर कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापासून ब्लॉकवर वाळलेली गुलाबी-पांढरी रेघ खालपर्यंत उतरलेली. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून गळतं. गळतं तेही बरेचदा इंजिन गरम असताना, थेंब तापलेल्या लोखंडावरच सुकतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून शोधायचा तो ओला डाग नाही, वाळलेला थर. होज पाइपच्या क्लॅम्पपाशी बघा, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते त्या कडेला बघा, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगखाली बघा, आणि झाकणाचं रबरही बघा, कधीकधी सगळा घोळ त्या झाकणाचाच असतो. काही लीकेज उलटं असतं, फक्त इंजिन थंड असताना गळतं, रबर आकसतं आणि क्लॅम्प सैल पडतो, गाडी तापली की बंद. अशी गाडी दुपारी गॅरेजमध्ये नेली की काहीच सापडत नाही.

बाहेर कुठेच काही नसेल तर आत बघायचं. पुढच्या सीटसमोरचा, पायांखालचा कार्पेट ओला आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, बाटलीत सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळ, यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

“डाग असला तर एसीचं पाणी.” असू शकतं, पण तपासायला काय लागतं? खाली पांढरा पुठ्ठा टाका. एसीच्या पाण्याला रंग नाही, वास नाही, बोटाला चिकट लागत नाही. कूलंट हिरवं, गुलाबी, केशरी असतं आणि बुळबुळीत लागतं. शिवाय मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की एसी जुलै-ऑगस्टएवढं टपकत नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यात खाली थारोळं दिसलं तर उलट जास्त लक्ष द्या. ते पुसूनही घ्या, ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

“नळाचं पाणी टाका.” रस्त्यात अडकलात, इंजिन पूर्ण थंड झालंय, तर घरी पोचण्यापुरतं टाका. नेहमीसाठी नाही. बोअरवेलच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा कडक थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आतून चढतो, आणि गंज रोखणारं रसायन पातळ होत जातं ते वेगळं. डिस्टिल्ड वॉटर आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंट, बस.

हळद आणि लीक बंद करायची बाटली हा एकच प्रकार आहे. ट्रकवाले जंगलात अडकले की हळद टाकायचे, ती अडचणीतली सोय होती. ती भोकात अडकते तशी हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही अडकते, मग गाडी आधी गळायची ती आता तापते.

थर्मोस्टॅट काढून लीकेज थांबत नाही. तो काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर रेडिएटर टाळून जाणारी वाट उघडीच राहते, म्हणजे हायवेवर गाडी उलट जास्त तापते. बिघडला असेल तर नवीन टाका.

मेसेजच्या शेवटी “मेकॅनिककडे गेलात की लुटतात” असंही आहे. त्यावर उपाय गॅरेज टाळणं नाही, समोर उभं राहणं आहे. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायला सांगा, दाब झाकणावर लिहिलाय तेवढाच द्यायचा, त्याच्या वर नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत थांबायचं. काटा उतरला तर लीकेज आहेच, मग टॉर्च घेऊन जागा शोधू द्या. तरीही दिसलं नाही तर कूलंटमध्ये चमकणारा डाय, म्हणजे रंग, टाकून दोन-चार दिवस गाडी चालवा आणि निळ्या यूव्ही टॉर्चखाली बघा. जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोणी रेडिएटर बदला म्हणाला तर सरळ नाही म्हणा.